बारा माणसांची होडी

ही गोष्ट मी एकाच आठवड्यात पूर्णगडच्या जेटीवर तीन प्रकारे सांगितली. पहिल्या प्रकारात भाट्याच्या पुढच्या चढावर मागे घसरणारी होडी मी चाकाखाली जांभ्या दगडाचा चिरा लावून थांबवली. दुसऱ्या दिवशी चिरा सापडला नाही, म्हणून पाठ लावून थांबवली. तिसऱ्या दिवशी मुंबईचे पाहुणे आले होते, त्यामुळे चढावर एक बिबट्याही आला. पाठ होडीला लावलेली असल्यामुळे त्याच्याकडे मी नुसतं डोळे वटारून बघितलं.

चौथा प्रकार खरा. तो सांगितला तेव्हा लोक सगळ्यात जास्त हसले. म्हणून आता लिहून काढतो. यात बिबट्या नाही, पाठ नाही. चिरा आहे, पण तो माझ्या हातात नाही.

मला वाडीत दादूकाका म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. मी ट्रकवर ड्रायव्हर होतो असं सांगत आलो, त्याला आता चाळीस वर्षं झाली. खरं म्हणजे मी बर्फाच्या कारखान्यात टोकनं देत होतो. पण टोकनांची गोष्ट कोण ऐकणार? माझी जीपची गोष्ट मात्र इथल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पणजीहून एक अख्खी लाँच मी जीपच्या मागे बांधून आणली, राजापूरच्या घाटीत जीप दमली, मग लाँचचं मशीन चालू केलं आणि लाँचने जीपला ओढत पूर्णगडला आणलं. पोरं विचारायची, "काका, पाणी नसताना लाँच कशी चालली?" मी सांगायचो, "मेल्या, जुलै महिना होता. रस्त्यात पाण्याला काय तोटा?"

सगळे हसायचे. एक पोर हसायची नाही. तोंड उघडं टाकून ऐकायची. ती दमयंती.

आता ती छत्तीस वर्षांची आहे, दोन मुलांची आई. पावसच्या शाळेची पोरं रिक्षातून ने-आण करते. तिचा नवरा दर्शन जहाजावर असतो. नऊ महिने तिकडे, तीन महिने इकडे. धाकटी मुलगी त्याला फोनवर ओळखते आणि दारात आला की आईच्या मागे लपते. ह्या गणपतीत तो आला की परत जाऊ द्यायचा नाही, असं दमयंतीने ठरवलं होतं. त्यासाठी तिच्या डोक्यात एक धंदा होता. आमच्या फायबरच्या होड्या पावसाळ्यात दुरुस्तीला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत जातात. न्यायला आणायला रत्नागिरीचा क्रेनवाला लागतो, आणि तो त्याच्या सवडीने येतो. आपणच एक पिकअप घ्यावी, मागे जोडायला ट्रॉली बनवून घ्यावी, आणि होड्यांची ने-आण करावी. पाच होडीवाल्यांनी तिला शब्द दिला होता. पहिली होडी रितेशची. ती नारळी पुनवेच्या आत किनाऱ्यावर आली, तर बाकी चार तिच्या. नाही आली, तर क्रेनवाला आहेच.

जुलैच्या मध्याला ती माझ्या पडवीत आली.

"काका, पिकअप बघायला मिरजोळ्याला जायचंय. तुमी चला."

आतून माझी बायको सावित्री म्हणाली, "ह्यांना कशाला नेतंस गो? ह्यांना सायकलची हवा भरता येत नाय."

"काकांनी लाँच ओढलेली हाय, काकी."

सावित्री दारात आली. दमयंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटतं तिने मला तेवढा वेळ दिला होता. दोन शब्दांचं काम होतं: बाय, ती थाप होती. मी टोपी घातली आणि म्हणालो, "चल."

मिरजोळ्यात हर्षद नावाच्या माणसाचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. तिशीतला पोरगा, बोलायला शांत. त्याच्याकडे दोन पिकअप होत्या. एक लहान, पांढरी, पोरांच्या खेळण्यासारखी चकचकीत. दुसरी मोठी, जुनाट निळी, दारावर कुणाच्या तरी आंबा बागायतीचं नाव अर्धवट पुसलेलं.

"काय ओढायचंय?" हर्षदने विचारलं.

"होडी. ट्रॉलीवरून," दमयंती म्हणाली.

"वजन किती?"

दमयंतीने माझ्याकडे बघितलं. आता हे सांगायला हवं की आमच्याकडे होडीचं वजन कुणी किलोत सांगत नाही. किनाऱ्यावर तेल लावलेल्या ओंडक्यांवरून ती वर ओढायला किती माणसं लागतात, तेवढ्या माणसांची ती होडी. सहा माणसांची, आठ माणसांची. रितेशची होडी बारा माणसांची. मी घसा खाकरला.

"बारा माणसांची हाय," मी म्हणालो. "एक माणूस भाताचं एक पोतं उचलतो. पन्नास किलो. बारा पन्नास सहाशे. लहान गाडी पुरे झाली."

हर्षदने डोकं खाजवलं. "काका, उचलणं वेगळं नि ओढणं वेगळं. तेलावरून, लाटेच्या जोरावर ओढता तुमी ती. नि ट्रॉलीचं स्वतःचं वजन? मशीन? जाळी? त्यातून रस्ता चढाचा. हलकी गाडी पुढे नि जड ट्रॉली मागे असली की उतारावर ट्रॉलीच गाडीला ढकलते. चढावर तर विचारूच नका. मी म्हणतो ती निळी घ्या. नायतर असं करू, होडी तिकडे दुरुस्तीच्या शेडमध्येच हाय ना? दोन मिनिटांवर वजनकाटा हाय. टेम्पोत टाकून काट्यावर नेऊ, आकडाच समोर येईल."

किती साधं होतं! दोन मिनिटं. पण तो पोरगा माझ्याशी हळू आवाजात, समजावून बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसं. आणि दमयंती ऐकत होती.

"काटा?" मी मोठ्याने हसलो. "बाबा रे, मी लाँच आणलेय पणजीहून. जीपने. तेव्हा तुझा हा काटा कुठे होता? नि तुझा बाप?"

"बापाची काय गोष्ट काढता, काका?" हर्षद म्हणाला, पण हसून.

"त्याला मोठी गाडी खपवायची हाय, बाय," मी दमयंतीच्या कानात म्हणालो. हर्षदला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

त्याचा चेहरा उतरला. लहान गाडीची किल्ली आणून त्याने टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "महिनाभरात परत आणलीत तर बदलून देईन."

हे आज लिहिताना मला सर्वांत जास्त बोचतं ते हेच. चुकीचं मत कुणीही देतं. पण मी मत दिलं ते काहीच ठाऊक नसताना, आणि ज्याला ठाऊक होतं त्याला लबाड ठरवून.

कारण एक गोष्ट वाडीत सगळे विसरलेत. होडी वर ओढताना मी कधीच होडीला हात लावलेला नाही. माझा आवाज मोठा आणि खांदा नाजूक. विशीत पहिल्यांदा ओढायला गेलो, दोन पावलांत हात सोडला. होडी तिरकी झाली, कुणाच्या तरी पायावरून ओंडका गेला. तेव्हा जाणत्यांनी मला पुढे काढलं. "दाद्या, तू हाळी दे." तेव्हापासून चोपन्न वर्षं मी होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेपाशी उभा राहून "हैऽऽशा!" ओरडतो, आणि माझ्या ओरडण्यावर बारा माणसं जोर लावतात. होडी हलली की वाटतं आपणच हलवली. बारा माणसांची होडी किती जड असते, हे मला माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

ट्रॉली तयार झाली. रितेशची होडी त्या ट्रॉलीवर चढवली, मशीन लावलेलंच, आत जाळी भरलेली. सकाळी दहाची वेळ, पाऊस नुकता थांबलेला. दमयंती गाडी चालवणार. माझ्यासाठी तिच्या शेजारची जागा मोकळी होती.

मी तिथे बसलो नाही. मी होडीत चढलो. नाळेला झेंडूची माळ होती, तिच्या मागे पाय पसरून बसलो. रत्नागिरीतून जाताना मी लोकांना हात केला. मारुती मंदिराच्या चौकात एका पोलिसाला सलाम ठोकला. भाट्याच्या पुलावर वारा लागला तेव्हा मी गाणंसुद्धा म्हटलं. सपाटीवर लहान गाडी बरी चालली होती. आरशातून दमयंती माझ्याकडे बघून हसत होती.

पूल संपला, समुद्राकडेचा सुरूच्या झाडांचा रस्ता संपला आणि चढ लागला.

पहिल्या वळणाला गाडी कण्हली. दुसऱ्या वळणाला दमयंतीने पहिला गिअर टाकला. मग क्लच जळाल्याचा वास आला. मी होडीतून ओरडलो, "हैऽऽशा!" गंमत म्हणून नव्हे हो. सवयीने. होडी अडली की मी तेच करतो.

गाडी थांबली. क्षणभर सगळं जागच्या जागी होतं. मग मला दिसलं की रस्त्याकडेचं काजूचं झाड, जे मागे जायला हवं होतं, ते पुढे चाललंय.

दमयंतीने ब्रेक दाबून धरला होता. गाडीची चाकं फिरत नव्हती, पण ओल्या रस्त्यावर ट्रॉली तिला तशीच्या तशी मागे ओढत होती. "काका!" ती ओरडली. "मागे दगड लावा! दगड!"

उजव्या हाताला कुणाच्या तरी कुंपणासाठी आणलेल्या चिऱ्यांची रास होती. ती मला दिसली. मी उडी मारली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कशी मारली ते देव जाणे. पण मी चिऱ्यांकडे धावलो नाही. मी डावीकडे धावलो आणि काजूच्या झाडामागे उभा राहिलो. झाडाला मिठी मारून.

तिथून मी बघत होतो. दमयंतीने चाक वळवलं. ट्रॉली तिरकी झाली, तिचं मागचं टोक जांभ्याच्या दरडीला टेकलं, होडी एकदा डोलली आणि थांबली. दमयंती दार उघडून उतरली, धावत रस्ता ओलांडला, एक एक चिरा छातीशी धरून आणला आणि चाकांना लावला. चार खेपा. मी झाडामागून मोजल्या. चौथ्या खेपेनंतर ती रस्त्यातच बसली.

मग मी बाहेर आलो. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो.

"लागलं नाय ना तुमाला?" तिने विचारलं.

तेवढ्यात मागून मोटारसायकलवर रितेश आला. त्याने होडीला चक्कर मारली. एका बाजूला वीतभर ओरखडा होता, बाकी होडी शाबूत.

"चाकांना चिरे कुणी लावले?"

दमयंती उठली, साडीला हात पुसत म्हणाली, "काकांनी."

रितेश माझ्याजवळ आला आणि चक्क वाकला माझ्या पाया पडायला! "काका, माझं घर वाचवलंत." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला मी. आशीर्वाद दिला.

मग तो तिच्याकडे वळला. "ही काडेपेटी कुणी पसंत केली? हिने होडी ओढायची?"

"मी," दमयंती म्हणाली.

"कुणाला विचारायचं तरी. काका घरात बसलेले असताना!"

ती गप्प राहिली. मीही. तिने आयुष्यात माझ्या सगळ्या थापा ऐकल्या, पण स्वतः एकही मारली नव्हती. त्या सकाळी दोन मारल्या, दोन्ही माझ्यासाठी. त्यांतल्या दुसरीने तिचा धंदा बुडत होता. कारण रितेशने तिथेच फोन लावून क्रेनवाल्याला बोलावलं, आणि उरलेल्या चौघांना कळायला संध्याकाळसुद्धा लागली नाही.

घरी सावित्रीने पाय धुवायला पाणी दिलं. मी पहिला प्रकार सांगितला, चिऱ्याचा. ती तांब्या धरून उभी होती.

"किती चिरे लावलेत?"

"चार."

"हात दाखवा."

मी हात पुढे केले. ओला चिरा उचलला की हात लाल होतात, दोन दिवस जात नाही तो रंग. माझे हात स्वच्छ होते. एका तळव्याला काजूच्या सालीची भुकटी चिकटली होती, तेवढीच. सावित्रीने माझ्या हातांवर पाणी ओतलं आणि आत गेली. दमयंतीच्या हातांबद्दल ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर तिने ते बघितले असणारच.

तरी मी पुढचे दोन प्रकार सांगितलेच. लाज वाटली की माझं तोंड जास्त चालतं. बिबट्या त्यातूनच आला.

बिबट्याच्या दिवशी जेटीवरून दमयंती जात होती. रिक्षात शाळेची पोरं होती. तिने रिक्षा हळू केली. पाहुण्यांतल्या एकाने विचारलं, "खरंच का हो बाई, बिबट्या होता?" तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हसेल, नाही म्हणेल, सुटलो. ती म्हणाली, "मी गाडीत होते. मला मागचं दिसत नव्हतं." आणि गेली.

मी त्या दिवशी जेवलो नाही.

नारळी पुनवेच्या सकाळी रितेशची होडी पाण्यात लोटायची होती. क्रेनवाल्याने आणून ती वाळूत ठेवली होती. ओंडके तेल लावून मांडले होते. अकरा माणसं होडीला भिडली, बारावी जागा रिकामी होती, कारण रितेशचा भाऊ तापाने पडलेला. बायका नारळ घेऊन उभ्या. त्यांच्यात दमयंती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी जागा नाळेपाशी.

मी म्हणालो, "थांबा. आधी एक सांगायचंय."

"आली गोष्ट!" कुणीतरी म्हणालं.

"चिरे मी लावले नाय. दमयंतीने लावले. मी काजूच्या झाडामागे लपलो होतो."

काय हशा पिकला म्हणता! रितेशने तर होडीवर डोकं टेकलं. "काका, झाड किती मोठं होतं? बिबट्यापण मागेच होता का?"

"रांगेत दोघं!" दुसरा म्हणाला.

"नि लहान गाडी मी घ्यायला लावली तिला. हर्षद काट्यावर न्या म्हणत होता, मी त्याला लबाड ठरवलं. तरी गाडी बदलून देईन म्हणाला तो. मला वजनातलं काय कळत नाय. मी ड्रायव्हर नव्हतो. टोकनं देत होतो."

ते अजून हसले. पोटं धरून. माझे डोळे भरून आले तर म्हणाले, बघा बघा, काका सोंग काय वठवतात!

मग बायकांच्या घोळक्यातून सावित्री बोलली. मोठ्याने नाही. "त्यांच्या हाताला मातीचा डाग नव्हता. हिचे हात बघा."

दमयंतीने हात पदरात घेतले. रितेश वाळूतून तिच्यापर्यंत गेला. "दाखव गो." तिने दाखवले. आठ दिवसांनी लाली गेली होती, पण चिऱ्याच्या कडेने सोललेली दोन्ही मनगटं होती, खपल्या धरलेली.

हसू थांबलं.

"खोटं कशाला बोललीस?" रितेशने विचारलं.

"त्या वेळी त्यांचं तोंड बघवलं नाय मला," ती म्हणाली. "नि गाडीचं म्हणशील तर डोकं मलापण होतं. माझीच चूक ती."

अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. ज्याचे पाय धरले त्याच्याकडे रितेश बघत होता. मला काजूचं झाड हवं होतं. किनाऱ्यावर काजूचं झाड नसतं.

मी नाळ सोडली आणि बाराव्या जागेवर गेलो. खांदा लावला. कुणी नको म्हणालं नाही. आम्ही तसेच उभे राहिलो, कारण हाळी द्यायला कुणी नव्हतं. एकजण म्हणाला, "आता कोण?"

"हैऽऽशा!"

बाईचा आवाज, बारीक पण लांब जाणारा. दमयंती नाळेपाशी उभी होती, नारळ काखेत.

मी जोर लावला. होडी हलली नाही. मला वाटलं माझं हाड मोडलं. "हैऽऽशा!" परत. ह्या खेपेला ती बोटभर सरकली, आणि तेव्हा मला कळलं की बारा माणसांची होडी म्हणजे काय. सहाशे किलो? अहो, नुसती माझ्या वाटणीची सहाशे असेल! ही थाप नव्हे, खांद्याला विचारा. "हैऽऽशा!" ओंडके करकरले, पाण्याने पाय ओले झाले, आणि एकदम वजन नाहीसं झालं. होडी तरंगायला लागली होती. मी तोंडावर पाण्यात पडलो. कुणी हसलं नाही, त्याचं मला वाईट वाटलं.

नारळ वाहून झाल्यावर रितेश दमयंतीला म्हणाला, "हर्षद बदलून देईल म्हणालेला ना? निळी घेऊन ये. पण माझी होडी परत नुसत्या अंदाजावर ट्रॉलीवर नाय चढवायची. आधी वजन करायचं. मग बाकीच्यांशी मी बोलतो. ऐकतील का ते नाय सांगत."

दुसऱ्या दिवशी ती लहान गाडी घेऊन दारात आली, मागे रिकामी ट्रॉली.

"चला, काका."

"मी कशाला?"

"हर्षदला लबाड तुमी म्हणालात. मी नाय म्हटलं."

ह्या खेपेला मी पुढे, तिच्या शेजारी बसलो. भाट्याच्या चढावरून आम्ही खाली आलो. दरडीला टेकल्याची खूण अजून होती, आणि चार चिरे रस्त्याकडेला तसेच. काजूच्या झाडाकडे मी बघितलं नाही. ती बघते का ते बघत होतो.

मिरजोळ्यात हर्षद दुकानाच्या दारात चहा पीत होता. मी हात जोडले. काय बोलायचं ते वाटेत चांगलं घोकलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "चूक झाली माझी." त्याने मान हलवली आणि मला चहा मागवला.

मग तो आम्हाला वजनकाट्यावर घेऊन गेला, निदान ट्रॉलीचा आकडा तरी समजेल म्हणून. गाडी सोडवली, ट्रॉली एकटी काट्यावर उभी केली. मी ट्रॉलीच्या दांड्याला हात टेकून उभा होतो, सवयीने, जणू मीच ती तिथे आणली होती.

दमयंती खिडकीपाशी आकडा बघायला गेली होती. तिने मागे वळून बघितलं.

"काका, हात काढा. तुमच्यामुळे वजन चुकतं."

मी हात काढला आणि काट्याच्या खाली उतरून उभा राहिलो.